चेंबरचा बोल्ट

अष्टमीच्या सकाळी देवीची आरती आटोपून काशिनाथराव खानझोडे गाडीखाली शिरले, ते कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी बाहेर यायचं नाव घेत नव्हते. बाहेरून त्यांचे फक्त पाय दिसत होते. सुनंदा पोर्चच्या पायरीवर गवार मोडत बसली होती आणि तिचं लक्ष गवारीत मुळीच नव्हतं. ती पायांकडे बघत होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय तिला लग्नापासून कधीच नव्हती. पायांचं तसं नव्हतं. जोर लावला की अंगठे आत वळत, पाना सटकला की टाचा फरशीवर आपटत. आज सकाळपासून टाचा आपटायचंच काम चाललं होतं.

“सुटतोय का हो?” तिने विचारलं.

“सुटेल.”

“चहा घेऊन मग करा.”

“सुटला की घेईन.”

सुनंदाने गवारीची एक शेंग मोडली, दोरा न काढताच भांड्यात टाकली, आणि मग पुन्हा ती शोधत बसली.

बोल्ट होता गाडीच्या तेलाच्या चेंबरचा. इंजिनाच्या खाली, अगदी तळाशी, हा एक बोल्ट असतो. तो उघडला की जुनं काळं तेल खाली ठेवलेल्या घमेल्यात पडतं. पुन्हा बसवला की वरून नवं तेल ओतायचं. काम एवढंच. भोपाळच्या शाहपुरा भागातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ते गप्पा मारता मारता होतं. पण खानझोड्यांच्या जुन्या मारुतीने गॅरेजचं तोंड क्वचितच पाहिलं होतं. काशिनाथराव नागपूरहून भोपाळला कारखान्याच्या नोकरीवर आले, सगळी नोकरी तपासणी खात्यात केली, आणि दुसऱ्याने कसलेल्या बोल्टावर विश्वास ठेवायचा नाही एवढं एक व्रत निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. पंख्याची दांडी असो की कुकरच्या मुठीचा स्क्रू, घरातलं सगळं त्यांच्याच हातचं. कसून झालं की त्यावर बारीक ब्रशने पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या धातूवर. स्क्रू तसूभर ढळला तरी रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात तशी पद्धत होती. पाहुणे त्या रेघांबद्दल विचारत. सुनंदाला त्या आता दिसतही नसत.

आणि खांडेनवमी म्हणजे तर या घरचा मोठाच सण. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची. इतरांच्या घरी विळी, कात्री, फार तर मुलांचा लॅपटॉप पाटावर येतो. खानझोड्यांकडे पान्यांची अख्खी पेटी पाटावर यायची, एकेक पाना पुसून, लहानाकडून मोठ्याकडे मांडून. मग गाडीला हार. मात्र पोटात काळं तेल असलेल्या गाडीला हार घालायचा नाही, असा काशिनाथरावांचा स्वतःचा कायदा होता, म्हणून अष्टमीला तेल बदललं जाई. कुठल्या शास्त्रात हे लिहिलंय असं सुनंदाने एकदा विचारलं होतं. “माझ्या,” असं उत्तर मिळालं होतं.

यंदा मात्र त्या बोल्टावर सणापेक्षा बरंच जास्त अडकलेलं होतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काशिनाथरावांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वेळेवर दवाखाना मिळाला, पाय लवकर सुधारला, बोलणं तर बिघडलंच नव्हतं. हात तेवढा मागे राहिला. पुढे व्यायाम करून तोही हळूहळू कामाला आला. या वर्षी डॉक्टरांनी नीट तपासून गाडी चालवायला परवानगी दिली, पण मुलाने दिली नाही. पुण्यात नोकरी करणारा परीक्षित फोनवर रोज तोच विषय काढी. आता मोबाईलला बोट लावलं की दारात टॅक्सी येते, या वयात स्टिअरिंग हवंय कशाला. त्याचं चुकत होतं असं सुनंदालाही म्हणवत नसे. मुलाच्या पोटात भीती होती. पण ती रोज काशिनाथरावांच्या शेजारी बसून बिट्टन मार्केटला जायची, आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती जी फोनवर सांगता येत नव्हती. स्टिअरिंगमागे बसला की हा माणूस आजारी नसायचा. बाकी दिवसभर तो गोळ्यांच्या वेळा पाळणारा पेशंट होता, कोणी जिन्यावर हात पुढे केला की अपमान गिळणारा. गाडीत बसला की आरसा नीट करायचा, रस्त्यावरच्या समस्त मूर्खांना हळू आवाजात शिव्या घालायचा, आणि तिला म्हणायचा, “पट्टा लाव.”

शेवटी पावसाळ्याच्या सुरुवातीला एका फोनवर काशिनाथराव चिडून बोलून गेले, “ज्या वर्षी चेंबरचा बोल्ट माझ्या हाताने सुटणार नाही, त्या वर्षी किल्ली तुझ्या हातात देईन. तोवर या विषयावर एक शब्द नको.”

परीक्षितने तो शब्द पकडून ठेवला. “बघा हं बाबा. मदत न घेता. सुटला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही सुटला तर गाडी जाणार.” आणि तो नुसता बोलला नाही. टी. टी. नगरातला त्याचा एक शाळेतला मित्र जुनी गाडी घ्यायला तयार होता, त्याला त्याने दसऱ्याला सकाळी यायला सांगून ठेवलं. स्वतः रजा काढून पुण्याहून आला. म्हणजे पाहणाराही आला आणि नेणाराही ठरला.

इतकी वर्षं न अडलेला बोल्ट नेमका आज हटून बसला होता. आणि तो का बसला हे गाडीखालच्या माणसाला माहीत नव्हतं, पायरीवरच्या बाईला माहीत होतं.

गेल्या वर्षीची अष्टमी सुनंदाला जशीच्या तशी आठवत होती. आजारपणानंतर काशिनाथरावांनी स्वतः केलेलं ते पहिलं काम. परीक्षितही तेव्हा सणाला घरी आलेला होता. त्यांनी बशीत कप ठेवला की खडखड आवाज होई. तरी हट्टाने गाडीखाली गेले, तेल काढलं, बोल्ट परत कसला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. कपाळावर तेलाचा फराटा. तळहात उघडून तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, “हात परत आला, सुनंदा.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य तिने ऐकलं नव्हतं. ती हसली, म्हणाली, “आलाच की.”

आणि दुपारी ते झोपल्यावर पाना घेऊन गाडीखाली गेली.

काय करणार? तिला बशीतल्या कपाचा आवाज ऐकू येत होता. तो हात बोल्ट कितीसा कसणार? पुढे कधी होशंगाबाद रोडवर बोल्ट गळून पडला, तेल वाहून गेलं, इंजिन जाम झालं तर? तिने पाठीवर पडून दोन्ही हातांनी पाना धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला. बोल्ट फिरला. फिरला तेव्हा तिला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. ती मुकाट्याने बाहेर आली, हात धुतले, आणि वर्षभर कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता टाचा पुन्हा फरशीवर आपटल्या. या वेळी गाडीखालून नुसती एक शीळ आली, दातांतून ओढलेल्या श्वासाची.

“लागलं?”

“थोडं खरचटलं.”

काशिनाथराव सरपटत बाहेर आले. उजव्या हाताची बोटं सोलवटली होती. सुनंदाने पाणी आणलं, हळद आणली. परीक्षित मोबाईल बाजूला ठेवून बाहेर आला. पुढची चाकं ज्या लाकडी उतारावर चढवलेली होती त्याकडे, मागच्या चाकांना लावलेल्या दगडांकडे त्याने एकदा बघून घेतलं आणि मोबाईलचा दिवा लावून खाली डोकावला.

“बाबा, बोल्टचे कोने घासले गेलेत. रिंग पाना पकडतच नाहीये. अजून दोनदा सटकला तर पूरा गोल होईल, मग मेकॅनिकलाही छिन्नीच लावावी लागेल.” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “छोडो ना. मी मेकॅनिकला बोलावू का?”

“बोलाव,” काशिनाथराव म्हणाले, “पण मग गाडी तुझ्या त्या मित्राच्या दारात लावून ये. आपलं ठरलंय ना?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मी तसंच म्हणतोय.”

परीक्षितने मोबाईलचा दिवा बंद केला. तो जिंकत होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याची कळा काही नव्हती.

काशिनाथरावांनी गाडी सुरू करून इंजिन तापत ठेवलं. गरम धातू जरा सैल पडतो, तेलही पातळ होतं. तोवर ते नळापाशी बसून एक ओलं फडकं पिळू लागले. सुकं करून पुन्हा भिजवायचं, पुन्हा पिळायचं. हा त्यांचा वर्षभराचा छंद होता आणि सुनंदाला त्याने वैताग आणला होता. पलंगपोस धुतला की पिळायला हे हजर. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं तरी ते हातात घेऊन पुन्हा लावणार, पुन्हा उघडणार. डॉक्टरांनी सांगितलेला चेंडू कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तिला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा हट्टीपणा, दुसरं काय.

तिने गवारीचं भांडं आत नेऊन ठेवलं आणि ओट्याशी जरा वेळ नुसतीच उभी राहिली. गप्प बसलं तर परवा गाडी जाईल. गाडी जाण्याचंही दुःख नाही, पण काशिनाथराव मनाशी धरून बसतील की आपला हात गेला, आणि तो गेलेला नाही. बोल्ट हट्टी आहे तो तिच्या हाताने. आणि सांगितलं तर? तर ‘हात परत आला’ म्हणणाऱ्या माणसाला कळेल की त्याच दुपारी त्याच्या बायकोने त्याचं काम पाठीमागे तपासलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची कामं तपासली त्याला हे काय वाटेल, ते तिला सांगायला नको होतं. दोन्हीकडून मार त्याच माणसाला बसत होता, आणि तिला ते सहन होईना.

पण बाई रडत बसणारी नव्हती. आधी बोल्टाचे उरलेले कोने वाचवू, मग बाकीचं बघू, असं तिने ठरवलं. पिशवी घेतली.

“झेंडू आणते,” ती म्हणाली.

“झेंडू कालच आणलेत,” परीक्षित म्हणाला.

“कमी पडतील.”

बिट्टन मार्केटला सणाची गर्दी उसळली होती. सुनंदा झेंडूच्या ढिगांकडे न बघता कोपऱ्यावरच्या हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदार तिला ओळखत होता, काशिनाथरावांबरोबर ती तिथे अनेकदा नुसती उभी राहिलेली होती.

“आओ आंटी। अंकल नहीं आए?”

“अंकल गाड़ी के नीचे हैं। चेंबर का बोल्ट जाम है, रिंग पाना फिसल रहा है। सतरा नंबर की गोटी चाहिए। छह कोने वाली, बारा वाली नहीं।”

दुकानदाराने भुवया उंचावल्या. गोटी म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना. आत बारा खाचा असल्या तर तो बोल्टाला फक्त टोकांशी धरतो. सहाच बाजूंचा असला तर अंगाला अंग लावून धरतो. इतकी वर्षं दुकानात नुसतं उभं राहून सुनंदाने बरंच काही शिकून घेतलं होतं. तिने गोटी हातात घेऊन आत बोट फिरवून पाहिलं, गोटीला लावायचा लांब दांडा घेतला, आणि सगळ्यात शेवटी आठवण झाली म्हणून थोडे झेंडूही घेतले.

परतीच्या रिक्षात तिने मनाशी वाक्य जुळवून पाहिलं. कुठूनही सुरू केलं तरी ते शेवटी त्याच दुपारपाशी येत होतं. घर आलं तेव्हा एकही वाक्य तयार नव्हतं, पण सांगायचं एवढं नक्की झालं होतं.

इंजिन बंद झालं होतं आणि काशिनाथरावांचे पाय पुन्हा गाडीखालून बाहेर आलेले होते. परीक्षित शेजारी उकिडवा बसून रॉकेलची बाटली धरून होता.

“बाटली धरणं मदत नाही का?” सुनंदाने विचारलं.

“मी आपली ठेवायला जागा म्हणून धरलीय,” परीक्षित म्हणाला.

तिने पिशवीतून गोटी आणि दांडा काढून गाडीखाली सरकवला. खाली धातूवर धातू टेकल्याचा आवाज झाला.

“सहा कोन्यांची?” आतून आवाज आला.

“हो.”

“कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच. कधीतरी दुकानात, दुसऱ्या कोणाला.”

“आई, ही मदत झाली,” परीक्षित म्हणाला.

“पाना कोणीही आणावा. जोर ज्याचा त्याने लावायचा,” सुनंदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मुलाने पुढे वाद घातला नाही.

ती फरशीवर बसली, अगदी त्या पायांजवळ. चेहऱ्याशी बोलायचं तर तिला जमलं नसतं. पायांशी बोलणं सोपं होतं.

“अहो, जोर लावायच्या आधी एक ऐका. हा बोल्ट तुमच्या हातचा नाहीये. गेल्या वर्षी तुम्ही कसलात, आणि दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी खाली जाऊन पुन्हा कसला. दोन्ही हातांनी. मला भीती वाटली होती. तुमचा हात तेव्हा...” तिला पुढचं बोलवेना. “तर तुम्हाला सुटत नाही तो तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. आणि परीक्षित, तुझी ती शर्त मी मोडते. माझ्या हाताने जाम झालेल्या बोल्टावरून ह्यांची गाडी जाणार नाही.”

गाडीखालचे अंगठे हलले नाहीत. 

“मला माहीत आहे,” काशिनाथराव म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“तू कसलास ते. रेघ सरकली होती.”

सुनंदा बघतच राहिली. रेघ. घरभर ज्या रेघांवरून ती रोज फडकं फिरवायची, त्यांतली एक या बोल्टावरही असणार हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“झोपून उठल्यावर चहाच्या आधी मी खाली बघायला गेलो होतो,” खालून आवाज येत राहिला. “मलाच धास्ती होती, गळतंय का म्हणून. बघतो तर रेघ तुटलेली. तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती. परीक्षित बाजारात गेलेला. आणि तुझ्या पदराला काळं बोट लागलेलं. ते तू दोनदा धुतलंस.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं होतं? तू बरोबर होतीस. मी कसलेला बोल्ट तुझ्यासारख्या बाईच्या हाताने फिरला, म्हणजे तो कसलेलाच नव्हता. हात परत आलेला नव्हता.” ते थांबले. “वाईट वाटलं मला. खूप वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग ठरवलं, पुढच्या अष्टमीला हिने कसलेलं मी सोडवायचं. तेव्हा म्हणायचं, हात आला. स्वतःचं ढिलं काम स्वतः उघडण्यात काय आहे?”

सुनंदाला पलंगपोस आठवले. बरणीची झाकणं आठवली. सकाळ-संध्याकाळ नळाशी बसून फडकं पिळणारा माणूस आठवला. ती कितीदा त्यांना त्यावरून टाकून बोलली होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

“पण एक गोष्ट मला समजत नाहीये,” काशिनाथराव म्हणाले, आणि आता आवाजात तपासणी खात्यातला जुना अधिकारी आला होता. “मी पाहिलं तेव्हा रेघ एक दाणा सरकलेली होती. आज सकाळी दिव्यात बघतो तर दोन दाणे. एक हिचा. दुसरा कोणाचा?”

 परीक्षितने रॉकेलची बाटली अगदी जपून फरशीवर ठेवली.

“त्या संध्याकाळी गाडी उतारावरून खाली घ्यायला तुम्ही मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “उतरवायच्या आधी मी... मला वाटलं, बाबांचा हात अजून कमजोर आहे, एकदा बघून घ्यावं. मी तर पान्यावर पाईप चढवला होता.”

“पाईप,” काशिनाथराव म्हणाले.

“हो.”

“आणि शर्त लावताना हे आठवलं नाही?”

“शप्पथ, नाही आठवलं. आत्ता आई बोलली तेव्हा आठवलं.” परीक्षितचा चेहरा पार उतरला होता. “बाबा, बस झालं. शर्त कॅन्सल. मीच जाम केलेल्या बोल्टावर तुमची परीक्षा घेत होतो. बाहेर या. मी त्याला फोन करून सांगतो, गाडी नाही द्यायची.”

सुनंदाचा जीव भांड्यात पडला. जे तिला हवं होतं ते मिळालं होतं. गाडी राहिली होती, कोणी हरलं नव्हतं, बोल्ट उद्या मेकॅनिककडून काढता आला असता. तिने पुढे होऊन नवऱ्याच्या पायाला हात लावला.

“या आता बाहेर.”

“गोटी बसलीय नीट,” काशिनाथराव म्हणाले. “दांडा दे इकडे.”

“अहो, तो म्हणतोय ना...”

“तो म्हणतोय ते ऐकलं मी. गाडीचा विषय मिटला. बोल्टाचा मिटलेला नाही.”

हे असं आहे. जगाने माफ केलं म्हणून थांबणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. सुनंदाने दांडा त्यांच्या हातात दिला आणि ती स्वतः फरशीवर आडवी झाली, गाल गार फरशीला लावून, खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून. पलीकडून परीक्षितही आडवा झाला आणि त्याने मोबाईलचा दिवा बोल्टावर धरला. दिवा धरणं मदतीत मोडतं का, हे आता कोणी विचारलं नाही.

काशिनाथरावांनी आधी हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके दिले, सगळ्या बाजूंनी सारखे. कडेने रॉकेल सोडून ते मुरायला जरा वेळ दिला. मग डाव्या हाताने गोटी वर दाबून धरली आणि दांड्याला हात घातला तो उजवा. सोलवटलेली, हळदीने पिवळी झालेली बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटली. सुनंदाला सांगावंसं वाटलं, डावा लावा. ती बोलली नाही.

“झटका नाही द्यायचा,” ते स्वतःशीच म्हणाले. “झटक्यानेच सटकतो.”

ते हळूहळू ओढू लागले. मनगटावरची शीर फुगली. हात थरथरायला लागला, आणि ती थरथर सुनंदाने दवाखान्यात पाहिलेली होती. पण दवाखान्यातली थरथर हात खाली पाडायची. ही पाडत नव्हती. हात तिथेच होता, दांडा तिथेच होता, आणि माणूस ओढत होता. त्यांनी मध्येच सोडून दिलं, श्वास घेतला, बोटं पुन्हा मिटली. परीक्षितने डोळे मिटून घेतले होते, दिवा मात्र हलू दिला नाही. सुनंदाने अंगठ्यांकडे पाहिलं. ते आत वळले होते आणि तसेच राहिले होते.

कट् असा आवाज झाला.

सुनंदाला वाटलं, तुटला. परीक्षितलाही तेच वाटलं असावं, त्याने दचकून डोळे उघडले. पण दांडा सरकला होता. गोटीसकट, बोल्टासकट. काशिनाथरावांनी तो परत मागे आणला, पुन्हा ओढला, आणि या वेळी बोल्ट कुरकुरत पाव फेरा आला. मग गोटी काढून त्यांनी तो बोटांनी फिरवायला सुरुवात केली, उजव्या हाताच्या, न घाई करता. शेवटच्या आट्याशी बोल्ट सुटला आणि गरम काळं तेल धारेने घमेल्यात पडू लागलं. थोडं त्यांच्या कोपरावरून ओघळलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

बराच वेळ तिघंही त्या धारेकडे बघत फरशीवर पडून राहिले. रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याने पाहिलं असतं तर खानझोड्यांच्या घरी काही बरंवाईट झालं असंच त्याला वाटलं असतं.

तेल निथळेपर्यंत काशिनाथरावांनी अखेर चहा घेतला. कप बशीत ठेवताना आवाज झाला नाही. परीक्षित फाटकापाशी जाऊन मित्राशी फोनवर बोलून आला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

बोल्टाला नवीन वायसरची चकती घालून काशिनाथराव पुन्हा खाली गेले आणि तो परत बसवला. कसला. या खेपेला पायांचे अंगठे फार वळले नाहीत. मग खालून त्यांनी हाक मारली.

“सुनंदा, खाली ये.”

ती पदर खोचून गाडीखाली सरकली. दोघांना पुरेल इतकी जागा तिथे नव्हती, तरी ती मावली. काशिनाथरावांनी दांडा तिच्यापुढे धरला.

“घे. कसून बघ. मागच्या वेळी माझ्या पाठीमागे कसलास, आता माझ्यासमोर कस. मनात काही ठेवू नकोस.”

सुनंदाने दांडा घेतला. हातात तोलून पाहिला. जड होता, तेलाने बुळबुळीत झाला होता. तिने एकदा बोल्टाकडे पाहिलं, एकदा शेजारी पडलेल्या माणसाकडे. कपाळावर मागच्या वर्षीसारखाच फराटा उमटलेला होता. या वेळी मात्र त्याने तळहात उघडून तिला काही दाखवलं नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तिला त्या चेहऱ्यावरचं सगळं कळत होतं.

तिने दांडा बाजूला फरशीवर ठेवला.

“ब्रश द्या,” ती म्हणाली.

त्यांनी खिशातून बारीक ब्रश काढून दिला. परीक्षितने बाहेरून पिवळ्या रंगाची डबी आत सरकवली. सुनंदाने ब्रश बुडवला, डबीच्या काठाला निथळला, आणि श्वास रोखून बोल्टाच्या डोक्यापासून चेंबरच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.